बरं वाटत असताना घ्यायची गोळी

अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन आतून जखमा होण्याचा चिवट आजार. त्याचे रुग्ण औषध सोडतात ते त्रास शिगेला पोचलेला असताना नाही. दिवसातून आठ-दहा वेळा शौचाला पळावं लागतंय, रक्त पडतंय, तेव्हा डॉक्टर देतील ते सगळं मुकाट्याने घेतलं जातं. गोळ्या सुटतात त्या उतार पडल्यावर. रक्त थांबलेलं असतं, वजन भरायला लागलेलं असतं आणि घरचेही म्हणू लागतात, ‘किती दिवस खाणार त्या गोळ्या, गरम पडतात.’ मग एका वेळची चुकते, मग गावाला जाताना पिशवीत टाकायच्या राहतात, मग मेडिकलमधून पुढचं पाकीट आणणंच होत नाही. लगेच काही बिघडतही नाही, आणि खरी अडचण तीच आहे. आजार उलटतो तो काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. तेव्हा दोष गोळ्यांच्या खाड्याला न जाता आदल्या दिवशीच्या पाणीपुरीला जातो.

याला आळस किंवा अज्ञान म्हणून मोकळं होता येतं. बरीच वर्षं वैद्यकानेही तेच केलं. पण या औषधांचा इतिहास पाहिला तर गोळी चुकण्याची कारणं रुग्णाच्या स्वभावापेक्षा गोळीत आणि तिच्यामागच्या मागणीत जास्त सापडतात.

सुरुवात स्वीडनमधली. स्टॉकहोमच्या डॉ. नान्ना स्वार्ट्झ यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस फार्मासिया कंपनीबरोबर सांधेदुखीसाठी एक औषध घडवलं. संधिवातामागे जंतुसंसर्ग असावा असा तेव्हा समज होता, म्हणून जंतूंवर सल्फा आणि सुजेवर सॅलिसिलेट अशी दोन्ही एकाच रेणूत जोडली. तेच सल्फासॅलझिन. ते कोलायटिसच्या रुग्णांनाही देऊन पाहिलं तेव्हा त्यांची आतडी सुधारली, आणि १९४२ मध्ये स्वार्ट्झ यांनी ते अनुभव प्रसिद्ध केले. पुढे १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी २१० रुग्णांवर कॉर्टिसोन या स्टेरॉइडची चाचणी केली. तीव्र उद्रेकात स्टेरॉइड माणसाला वाचवतं हे तिने दाखवून दिलं.

इथवर सगळं रीतसर होतं. दुखतंय, औषध घ्या, थांबलं की बंद करा. गुंता झाला १९६५ मध्ये. लंडनच्या एकाच गटाने त्या वर्षी दोन गोष्टी तपासल्या. बऱ्या झालेल्या रुग्णांना रोज थोडं स्टेरॉइड दिलं तर आजार दूर राहतो का? राहत नाही. सल्फासॅलझिन दिलं तर? राहतो. सल्फासॅलझिन घेणाऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के रुग्ण वर्षभर ठीक होते. दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी तीस टक्केही नव्हते.

म्हणजे ज्या औषधाने दोन-तीन दिवसांत भूक लागते, अंगात बळ आल्यासारखं वाटतं, ते पुढे उपयोगाचं नाही. ज्याने घेतल्याचं काही जाणवतच नाही, ते मात्र चालू ठेवायचं. रुग्णाचा अनुभव नेमका उलटं सांगत असतो. आपल्याकडे याची दुसरी बाजूही दिसते: मेसालामाइन (सल्फासॅलझिनमधला गुण देणारा भाग, आजची नेहमीची गोळी) बंद करून जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून स्टेरॉइड आणणारे आणि ते महिनोन्‌महिने घेणारे रुग्ण. ‘औषध घेत नाही’ या एका शिक्क्याखाली ते बसत नाहीत. ते औषध घेतातच, फक्त नको ते घेतात. हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, चेहरा सुजणं हे सगळं त्यातूनच येतं.

किती दिवस घ्यायचं, हा प्रश्न उरला होता. १९७३ मध्ये ऑक्सफर्डमध्येच वर्षभराहून अधिक काळ सल्फासॅलझिन घेणाऱ्या, अगदी ठणठणीत रुग्णांपैकी काहींची गोळी त्यांच्या नकळत बदलून बिनऔषधी गोळी दिली. सहा महिन्यांत त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण औषध घेणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघालं. तेव्हापासून डॉक्टर ‘कायम घ्या’ म्हणतात. या सल्ल्यामागे भक्कम पुरावा आहे, पण तो पुरावा रुग्णाला कधी दिसत नाही. त्याला दिसतं ते आपलं शांत पोट.

त्यात सल्फासॅलझिन काही साधीसरळ गोळी नव्हती. मळमळ, डोकेदुखी, अंगावर पुरळ. लघवी नारिंगी होते ती वेगळीच. १९७९च्या सुमारास लक्षात आलं की या औषधाने पुरुषांमध्ये शुक्रजंतूंची संख्या घटते. औषध थांबवल्यावर काही महिन्यांत ती पूर्ववत होते, पण नवं लग्न झालेल्या तरुणाला कुणी हे आधी सांगितलं नसेल आणि त्याने नंतर कुठे वाचलं असेल, तर तो गोळ्या बंद करणार, आणि डॉक्टरांना सांगणारही नाही.

त्रास नेमका कशाने होतो हे शोधण्यात आपल्या शेजारच्या देशातल्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. ऑक्सफर्डमध्ये काम करत असताना बांगलादेशचे ए. के. आझाद खान यांनी १९७७ मध्ये रेणूचे दोन्ही भाग वेगवेगळे करून एनिमातून रुग्णांना दिले. आतड्याला गुण देणारा भाग ५-एएसए, म्हणजे आजचं मेसालामाइन, निघाला. सल्फाचा भाग मुख्यतः हमालाचा होता: औषध मोठ्या आतड्यापर्यंत पोचवायचं आणि वाटेत दुष्परिणाम करायचे.

मग हमाल काढून टाकला. पण नुसतं मेसालामाइन गिळलं तर ते लहान आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जातं. म्हणून त्यावर पुढे जाऊन विरघळणारी आवरणं आली. सल्फाचा त्रास गेला आणि त्याच्या जागी गोळ्यांची संख्या आली. ४०० मिलिग्रॅमची गोळी असेल तर दिवसाला सहा, आजार उसळलेला असेल तर बारापर्यंत, तीन वेळांत विभागून. दुपारचा डोस कामाच्या जागी, सगळ्यांदेखत. काहींना शौचात गोळीचं टरफल जसंच्या तसं दिसतं. बऱ्याचदा ते रिकामं आवरण असतं, पण ‘गोळी विरघळतच नाही, मग घ्यायची कशाला?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. डॉक्टरांनी आधीच सांगितलं असतं तर तो पडला नसता.

औषध खरंच घेतलं जातं का, हे मोजण्याचा इतिहास मात्र पोटविकारांत सुरू झाला नाही. त्याचं एक मोठं पान मद्रासचं आहे. १९५६ मध्ये तिथे क्षयरोग उपचार केंद्र उभं राहिलं. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवलं की सॅनेटोरियमची गरज नाही, घरी राहूनही क्षय बरा होतो. पण घरी गोळ्या घेतल्या जातात का? केंद्राचे लोक न सांगता घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवीचा नमुना घेऊन त्यात औषध सापडतं का पाहत. लक्षणं गेली की गोळ्या सुटतात, हे फॉक्स यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. समोर बसवून औषध देण्याची जी पद्धत पुढे ‘डॉट्स’ म्हणून गावोगावी पोचली, तिची मुळं याच कामात आहेत.

क्षयाला ती पद्धत चालते, कारण क्षयाचा उपचार संपतो. कोलायटिसवाल्यावर आयुष्यभर कोण नजर ठेवणार?

दुसरं पान कॅनडातल्या हॅमिल्टनचं. डेव्हिड सॅकेट आणि ब्रायन हेन्स यांनी १९७०च्या दशकात तिथल्या पोलाद कारखान्यातल्या रक्तदाबाच्या कामगारांना आजाराची इत्थंभूत माहिती दिली, परीक्षा घेऊन ती पक्की करवली. कामगार पास झाले, पण गोळ्या पूर्वीइतक्याच घेत राहिले. हा निकाल १९७५ चा आहे. तरी आजही रुग्ण गोळी चुकवतो म्हटलं की पहिला उपाय माहितीपत्रकाचाच निघतो, याचं नवल वाटतं. ठरलेल्या गोळ्यांपैकी ८० टक्के घेतल्या तर रुग्ण ‘नियमित’ ही मोजपट्टीही त्याच रक्तदाबाच्या संशोधनातून आली आणि पुढे जवळजवळ प्रत्येक आजाराला लावली गेली, आतड्याच्या दाहालाही.

शिकागोतल्या संशोधकांनी ती लावली तेव्हा चित्र उघडं पडलं. औषधाच्या दुकानातल्या नोंदींवरून त्यांनी पाहिलं की आजार शांत असलेल्या रुग्णांपैकी फक्त ४० टक्के या अर्थाने नियमित आहेत. हे २००१ मध्ये. दोन वर्षांनी त्यांनी पुढचा हिशेब मांडला: नियमित घेणाऱ्यांपैकी ८९ टक्के ठीक राहिले, चुकवणाऱ्यांपैकी ३९. डॉक्टर ज्याला ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणत होते, त्यातलं बरंचसं औषध घेतलंच गेलेलं नव्हतं.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून २००९ मध्ये भारतीय रुग्णांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत बहुसंख्य रुग्णांनी आपण औषध नियमित घेतो असं सांगितलं. आकडा दिलासा देणारा आहे, पण तो रुग्णांच्या तोंडचा आहे. डॉक्टरांसमोर ‘घेतो ना’ म्हणणं हा आपल्याकडे शिष्टाचाराचाच भाग आहे.

यानंतर कंपन्यांनी गोळीकडे लक्ष वळवलं. अमेरिकेत २००७ मध्ये दिवसातून एकदाच घ्यायचं मेसालामाइन आलं. २००९च्या एका युरोपीय चाचणीत २ ग्रॅम एकदम घेणाऱ्यांपैकी सुमारे ७१ टक्के वर्षभर ठीक राहिले, तेवढंच औषध दोन वेळांत विभागून घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के. इतर चाचण्यांत एवढा फरक दिसला नाही, पण एकदा घेऊन तोटा होत नाही हे नक्की झालं. तरीही दोन किंवा तीन वेळांच्या चिठ्ठ्या अजून सर्रास लिहिल्या जातात, हे मात्र रुग्णाचं पाप नव्हे. एनिमाबद्दल तर कुणी विचारतही नाही. आजार गुदाशयाजवळ असेल तेव्हा तो सर्वांत गुणकारी, आणि सर्वांत आधी सुटतो. रात्री डाव्या कुशीवर पडून औषध आत घ्यायचं, मग तसंच पडून राहायचं, आणि खोली एकच, माणसं पाच. लग्न ठरवताना आजार लपवलेला असेल तर गोळ्यासुद्धा लपवाव्या लागतात.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. क्रोन्स (कोलायटिससारखाच आतड्याच्या दाहाचा दुसरा आजार) आणि आतड्याचा क्षय यांत फरक करणं इथे अवघड जातं, म्हणून क्रोन्सच्या अनेक रुग्णांना आधी क्षयाची औषधं मिळतात. कोलायटिसवाल्याने निदान होण्याआधी रक्ती आवेसाठी मेट्रोनिडाझोलचे कोर्स घेतलेले असतात. ‘कोर्स पूर्ण करा’ हे त्याला दोनदा-तीनदा बजावलेलं असतं आणि त्याने ते पाळलेलंही असतं. नव्या औषधाचाही कोर्स असणार आणि तो संपणार, असं तो धरून चालतो. त्यात चूक काय?

डेन्मार्कमध्ये उलट्या टोकाने प्रयोग झाला. रुग्णांना शिकवलं, वेबसाइटवर लक्षणं भरायला दिली, आणि आजार उसळला की डोस स्वतः वाढवायची मुभा दिली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात त्यांच्या उद्रेकाचा काळ १८ दिवस होता, नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचा ७७. तिथे नुसती माहिती दिली नव्हती, निर्णयही हाती दिला होता.

इन्फ्लिक्सिमॅबसारखी जैविक (जिवंत पेशींपासून बनवलेली) औषधं १९९८ पासून आली तेव्हा वाटलं की प्रश्न सुटला, कारण सलाइनमधून द्यायच्या औषधाला रुग्ण आला की नाही हे रुग्णालयाला कळतंच. भारतात त्यांच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या. अडालिमुमॅब या इंजेक्शनने घ्यायच्या जैविक औषधाची अशी जगातली पहिली आवृत्ती झायडसने २०१४ मध्ये इथेच बाजारात आणली. स्वस्त म्हणजे मूळ औषधाच्या मानाने. दर दोन आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन पैशाच्या ओढीने तीन-चार आठवड्यांवर नेणारे रुग्ण असतात, आणि अशा खंडांमुळे शरीरात औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊन ते कायमचं निकामी होण्याचा धोका वाढतो. गोळीचा खाडा भरून काढता येतो, याचा नेहमीच येईल असं नाही. म्हणून डोस वाढवण्याआधी किंवा औषध बदलण्याआधी हल्ली काही डॉक्टर ‘घेता ना?’ असं विचारत नाहीत. ते विचारतात, ‘गेल्या महिन्यात किती वेळा राहिलं, आणि पुढचं इंजेक्शन परवडणार आहे का?’