दोन केसांएवढा फरक

०.७३ आणि ०.८८. वाद्यांच्या दुकानात काउंटरवर काचेची बरणी असते, तिच्यात लिमलेटच्या गोळ्यांसारखे दिसणारे, गिटारच्या तारा छेडायचे तिकोनी रंगीत तुकडे असतात, आणि त्यांच्यावर बारीक अक्षरात असे आकडे छापलेले असतात. डनलॉप कंपनीच्या टॉर्टेक्स मालिकेत पिवळ्या तुकड्यावर पहिला आकडा, हिरव्यावर दुसरा. मोजमाप मिलिमीटरमध्ये. दोन्हींतला फरक ०.१५ मिलिमीटर, म्हणजे डोक्यावरचे दोन केस एकावर एक ठेवले तर भरेल साधारण तेवढा. हे अंतर डोळ्याला जाणवतही नाही. पण पिवळा ठेवून हिरवा उचलला, तारांवर एक हात मारला, की मनगटाला लगेच कळतं.

या तुकड्याला हल्ली सगळे पिक म्हणतात, जुने वादक प्लेक्ट्रम म्हणायचे. ‘पिक’चं मराठीत अनेकवचन करायला गेलं की शेताच्या बांधावर उभं राहिल्यासारखं वाटतं, म्हणून मी सतारवाल्यांचा शब्द उसना घेतो: नखी.

तर दोन केसांच्या फरकाने एवढं काय होतं? पातळ पट्टी वाकताना किती विरोध करेल हे तिच्या जाडीच्या घनावर ठरतं. जाडी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. कारण पट्टी वाकते तेव्हा तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि पट्टी जितकी जाड तितके हे दोन थर एकमेकांपासून दूर, तितकी त्यांची ओढाताण जास्त. दोनशे पानी वही सहज गुंडाळता येते, कारण तिची पानं एकमेकांवरून घसरतात. तीच पानं डिंकाने एकमेकांना चिकटवली तर पाट तयार होईल. पिवळीवरून हिरवीवर जाताना जाडी जेमतेम वीस टक्के वाढते, ताठपणा मात्र पाऊणपट वाढतो. म्हणून दुकानात ०.५०, ०.६०, ०.७३ अशी शांतपणे चढणारी संख्यांची रांग दिसते, पण हाताला ती जिन्याच्या उंच पायऱ्यांसारखी लागते.

आता तारेकडून बघू. पोलादी तारांच्या साध्या गिटारवर सगळ्यात बारीक तार जवळजवळ दहा किलो वजन टांगल्याइतकी ताणलेली असते. घोडीपासून (गिटारच्या पोटावरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तेरा सेंटिमीटरवर ती तार बाजूला ओढायची तर गणित सांगतं की दर मिलिमीटरला शंभर ग्रॅमच्या आसपास जोर लागतो. तीन मिलिमीटर ओढायची तर तीनशे ग्रॅम. जाड नखी हा जोर निमूटपणे तारेपर्यंत पोचवते. पातळ नखी तेवढा जोर यायच्या आधीच वाकते आणि तारेवरून निसटते. तुम्ही कितीही जोशात हात मारा, तारेला मिळायचं तेवढंच मिळतं. कुकरची शिटी जे वाफेचं करते तेच पातळ नखी हाताच्या जोराचं करते: ठरावीक मर्यादेपलीकडचं बाहेर सोडून देते.

गाण्याला साथ करताना, सहाही तारांवरून हात वरखाली फिरवताना, नेमकं हेच हवं असतं. झपाट्यात फिरणारा हात दर वेळी सारख्याच खोलीवर जाईल असं होत नाही. एखादा फटका दोन मिलिमीटर आत घुसतोच. ताठ नखी त्या दोन मिलिमीटरचा हिशेब चुकता करते: एक तार किंचाळते, किंवा नखी अडकून हातातून उडते (आणि नेमकी गिटारच्या पोटात जाऊन पडते, मग गिटार उलटी करून खुळखुळ्यासारखी हलवा). पातळ नखी चूक पोटात घालते. शिवाय तिचा स्वतःचा एक ‘छक्’ असा आवाज असतो, प्लॅस्टिकचा. एकट्याने वाजवताना तो खुपतो. चारजणांत मात्र तोच टाळासारखा लय धरून ठेवतो.

एकेक सूर वाजवायचा असेल तर हिशेब उलटतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्यात चार सूर म्हटलं तर सेकंदाला आठ सूर झाले, प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाचा आठवा भाग. तेवढ्यात नखीने वाकायचं, निसटायचं, सरळ व्हायचं आणि उलट दिशेने पुन्हा तेच करायचं. वाकण्यात गेलेला वेळ प्रत्येक सुराला थोडा वेगळा असतो, आणि कानाला तो ढिसाळपणा म्हणून ऐकू येतो. आपल्याकडच्या तंतुवाद्यांनी हा प्रश्न फार पूर्वीच निकालात काढला आहे. सतारीची नखी वळवलेल्या पोलादी तारेची, सरोदचा जवा बहुधा करवंटीचा. दोन्ही तारेपुढे वाकत नाहीत. ‘दा’ आणि ‘रा’ हे नखीच्या दोन दिशांच्या फटक्यांचे बोल जिथे पडायचे तिथेच पडतात. युरोपातल्या जिप्सी जॅझवाल्यांच्या नख्याही तीन-तीन, पाच-पाच मिलिमीटर जाड असतात. आणि ‘क्वीन’ या रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे तर जुन्या इंग्रजी सिक्सपेन्सच्या नाण्याने वाजवतो. हा माणूस खगोलभौतिकीतला पीएचडी आहे, तेव्हा त्याला घनाचं गणित कुणी समजावायला नको.

इथे एक समज खोडायला हवा. जाड नखीचा आवाज गोल, पातळ नखीचा चमकदार, असं सर्रास सांगितलं जातं. ते बरचसं खरं असलं तरी दोष किंवा श्रेय जाडीचं एकटीचं नाही. नखी तार ओढते तेव्हा तारेला एक कोपरा पडतो. हा कोपरा जितका टोकदार, तितके वरचे स्वरांश (मूळ सुरात मिसळलेले उंच सूर) जास्त, आवाज तितका चमकदार. बोटाच्या मांसल भागाने छेडलं तर कोपरा बोथट होतो आणि आवाज मऊ येतो. जाड नख्यांच्या कडा सहसा गोलसर घासलेल्या असतात, त्यामुळे त्या मऊ वाजतात. तीच जाड नखी धारदार कडेची घ्या, खणखणीत वाजेल. आणि हे सगळं करण्याआधी हात चार बोटं घोडीकडे सरकवून बघा. आवाजाचा रंग त्याने जितका बदलतो, तितका नखी बदलून क्वचितच बदलेल.

आकड्याला दगा देणारी आणखी एक गोष्ट म्हणजे नखी कशाची आहे. एकेकाळी उत्तम नखी हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाच्या पाठीवरच्या खवल्यांची असायची. ते खवले केराटिनचे, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याच प्रथिनाचे. तेव्हा नखी हा शब्द इथे अगदी शब्दशः लागू पडतो. कासवं संपत चालली, वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने त्यांच्या व्यापारावर बंदी आली आणि तो अध्याय संपला. सुदैवाने बराच आधी, १९२०च्या दशकात, न्यूयॉर्कमध्ये लुइजी डी’अँड्रिया यांनी सेल्युलॉइडच्या पत्र्यातून नख्या कापायला सुरुवात केली होती. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रेट झालेलं सेल्युलोज आणि कापूर. २००३ साली पुण्यात जुन्या चित्रपटांच्या ज्या फिल्म जळून गेल्या, त्या याच कुळातल्या. नखीला काडी लावायचा प्रयोग करू नये, एवढंच. पुढे नायलॉन आलं, मग डेलरिन नावाचं प्लॅस्टिक. टॉर्टेक्स त्याचीच, आणि नावात अजून कासवाची, म्हणजे इंग्रजी ‘टॉर्टॉइज’ची, आठवण ठेवलेली.

यातलं नायलॉन आपल्या हवेत जरा लबाड आहे. ते पाणी शोषतं. ओलावा मुरलेल्या नायलॉनचा ताठपणा कोरड्याच्या निम्म्यावरही येऊ शकतो. डेलरिन फारसं पाणी पीत नाही. म्हणजे जुलैत कोकणात ०.८८ची नायलॉनची नखी आणि ०.८८ची डेलरिनची नखी या एकाच जाडीच्या दोन अगदी वेगळ्या वस्तू असतात.

मी चाळिशीनंतर गिटार शिकायला लागलो तेव्हा दर महिन्याला नखी बदलायचो. पाच-सहा रंग झाल्यावर एके दिवशी सरांनी माझ्या हातातली नखी न काढता माझा अंगठा थोडा पुढे ढकलला. नखीचं जे टोक बोटांबाहेर दहा मिलिमीटर येत होतं, ते आठ झालं. म्हणाले, आता वाजवा. मी इंजिनिअर असूनही हे मला सुचलं नव्हतं याची लाज वाटली, कारण हा पहिल्या वर्षाच्या पुस्तकातला प्रश्न आहे: एका टोकाला पकडलेल्या पट्टीचा ताठपणा तिच्या मोकळ्या लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दहाचे आठ केले की ताठपणा जवळजवळ दुप्पट. (नखी टोकाकडे निमुळती असते, त्यामुळे आकडा तंतोतंत नाही, पण दिशा तीच.) म्हणजे पिवळीवरून हिरवीवर जाऊन जेवढं मिळतं, त्याहून थोडं जास्तच दोन मिलिमीटर अंगठा सरकवून मिळतं, तेही फुकट. मुरलेले वादक एकाच गाण्यात हे करत असतात: साथीला बोटं मागे, मधल्या तुकड्याला पुढे. त्यांना विचारलं तर बहुतेकांना आपण असं काही करतो याचा पत्ताही नसतो.

म्हणून नवशिक्याने सुरुवात मधूनच करावी, ०.७ ते ०.८च्या आसपास, कारण तिथून अंगठा दोन्हीकडे सरकायला जागा असते. त्यासाठी दुकानातही जायला नको. मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्या, ते जगभर ०.७६ मिलिमीटर जाडीचंच असतं. चिप टाळून तिकोनी तुकडा कापा आणि कडा बारीक पॉलिश पेपरवर घासा. मग दुसरा तसाच कापा. दोन्ही नुसते एकावर एक धरून वाजवा: ताठपणा दुप्पट. आता मध्ये फेविक्विक लावा, रात्रभर वजनाखाली ठेवा आणि सकाळी तीच जोडी पुन्हा तारेवर मारा. जाडी कालचीच आहे, ताठपणा मात्र एकट्या तुकड्याच्या आठपट. बारीक तार जरा जपून.