भोवरा प्रवाहमापकातील अनिष्ट कंपने

भोवरा प्रवाहमापक, म्हणजे कारखान्यात ज्याला व्हॉर्टेक्स मीटर म्हणतात ते उपकरण, नळात आडव्या बसवलेल्या दांडीच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने सुटणारे भोवरे मोजून प्रवाहाचा वेग सांगते. नळाचा किंवा पंपाच्या पायाचा थरकापही त्याच दांडीपर्यंत पोहोचतो आणि संवेदक त्यालाही भोवरा समजतो. मग झडप बंद असतानाही मापक प्रवाह दाखवतो, किंवा चालू प्रवाहाचे मापन भरकटते. अशी कंपने ओळखणे व त्यांचे मूळ शोधणे यांचा विचार येथे केला आहे.

तत्त्व आणि नावाचा वाद : चेक भौतिकशास्त्रज्ञ व्हिन्सेंझ स्ट्रूहाल यांनी १८७८ मध्ये हवेत फिरणाऱ्या तारांचा नाद अभ्यासला. नादाची कंप्रता वेगाच्या सम प्रमाणात व तारेच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते आणि तारेच्या ताणावर अवलंबून नसते, असे त्यांना आढळले. कारण मात्र त्यांनी घर्षण मानले. मापकाचे सूत्र आजही तेच आहे : कंप्रतेला दांडीच्या रुंदीने गुणून वेगाने भागले असता येणारी संख्या, म्हणजे स्ट्रूहाल अंक, विस्तृत पल्ल्यात जवळजवळ स्थिर राहतो.

भोवऱ्यांच्या दुहेरी रांगेला शास्त्रज्ञ थिओडोर फॉन कारमान यांच्यावरून ‘कारमान वीथी’ म्हणतात, पण ते नाव निर्विवाद नाही. आर्नल्फ मॅलक यांनी १९०७ च्या सुमारास व फ्रान्समधील आंरी बेनार यांनी १९०८ मध्ये अशा भोवऱ्यांची निरीक्षणे प्रसिद्ध केली होती. बेनार यांनी पुढे अग्रहक्क सांगितला. तेव्हा बर्लिन-लंडनमध्ये माझे नाव राहू द्या, पॅरिसमध्ये बेनार यांचे द्या, अशा आशयाची तडजोड कारमान यांनी विनोदाने सुचवली. निरीक्षणाचा मान बेनार यांना देणे रास्त दिसते. मात्र एकाआड एक मांडणीच का टिकते आणि दोन रांगांमधील अंतर एकाच रांगेतील भोवऱ्यांच्या अंतराच्या सुमारे ०.२८ पट का असते, याचे गणित १९११-१२ मधील कारमान यांचेच आहे. या गणिताला निमित्त झाले ते जर्मनीतील ग्योटिंगेन येथील संशोधक हीमेन्ट्झ यांच्या प्रयोगाचे. पाण्याच्या पाटात ठेवलेल्या वृत्तचितीमागचा प्रवाह सतत हेलकावे खाई. चिती पुरेशी गोल नाही, पाट सममित नाही, अशा शंका घेऊन दुरुस्त्या झाल्या, तरी हेलकावा थांबला नाही. तेथे खऱ्या भोवऱ्यालाच उपकरणाचा दोष मानले गेले होते. मापकाच्या बाबतीत चूक नेमकी उलटी होते.

औद्योगिक मापक साधारणपणे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रचारात आले असावेत. महाराष्ट्रात ते साखर कारखान्यांच्या वाफवाहिन्यांवरही आढळतात.

कंपनांचा उपद्रव कोठे होतो : भोवऱ्याचा दांडीवरील जोर घनता व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. कंपनाचा जोर मात्र दांडीचे वस्तुमान व प्रवेग यांवर ठरतो, प्रवाहाशी त्याचा संबंध नसतो. म्हणून कमी वेग व विरळ माध्यम ही जोडी सर्वांत नाजूक. पाण्यात १ मी./से. वेगाला जितका जोर मिळतो, तितका १० बार निरपेक्ष दाबाच्या संपृक्त वाफेत सुमारे १४ मी./से. आणि साध्या हवेत सुमारे २९ मी./से. वेगाला मिळतो. कंपनाचा प्रवेग दुप्पट झाला, तर मोजता येणारा किमान वेग सुमारे १.४ पट होतो.

५० मिमी. नळात १४ मिमी. रुंदीची दांडी असून स्ट्रूहाल अंक ०.२४ धरला, तर १ मी./से. वेगाला सुमारे १७ हर्ट्झ कंप्रता येते. म्हणजे ५० हर्ट्झचा कोणताही गोंगाट या मापकावर तासाला सुमारे २१ घनमीटर, तर मिनिटाला १४५० फेऱ्यांच्या पंपाचा थरकाप सुमारे १० घनमीटर म्हणून उमटेल. बंद नळात असा न हलणारा आकडा दिसला की त्याचे उलट कंप्रतेत रूपांतर करावे. बहुधा यंत्राच्या फेऱ्यांची कंप्रता किंवा तिची पंपाच्या पात्यांच्या संख्येइतकी पट हाती लागते.

तपासाची रीत : नळ भरलेला ठेवून मापकाच्या दोन्ही बाजूंच्या झडपा बंद कराव्यात. पंप उपमार्गाने चालू ठेवावा. किमान-प्रवाह छाटणी, म्हणजे ज्याखालचा प्रवाह मापक शून्य दाखवतो ती मर्यादा, तात्पुरती शून्य करून ट्रान्समीटरवरील (मापकाच्या इलेक्ट्रॉनिक भागावरील) कंप्रता व परमप्रसर (संकेताची कमाल उंची) टिपावेत. मग पंप थांबवून पुन्हा टिपावे. झडप गळत असेल तर ही चाचणी फसवते, म्हणून आधी गळती तपासावी. त्यानंतर प्रवेगमापी मापकाच्या अंगावर तीन दिशांना लावतात : नळाच्या लांबीला, दांडीच्या लांबीला आणि या दोन्हींना काटकोनात. तिसरी दिशा निर्णायक, कारण भोवऱ्याचा जोरही त्याच दिशेचा असतो. कंपन एकाच दिशेत प्रबळ असेल, तर मापक नळाच्या अक्षाभोवती ९० अंश फिरवून बसवल्याने बरेचदा काम भागते.

विजेचा गोंगाट व यांत्रिक कंपन वेगळे काढण्यात घाई होते. द्विध्रुवी प्रेरण मोटर घसरणीमुळे ५० हर्ट्झच्या किंचित खाली, समजा मिनिटाला २९५० फेऱ्यांवर म्हणजे ४९.२ हर्ट्झवर फिरते, तर सदोष अर्थिंगमधून येणारा गोंगाट थेट वीजपुरवठ्याच्या कंप्रतेवर असतो. कंप्रता-विश्लेषणात वेगळ्या ओळखता येणाऱ्या दोन कंप्रतांमधील किमान फरक नोंदीच्या कालावधीच्या व्यस्त प्रमाणात असतो. एका सेकंदाच्या नोंदीत ४९.२ व ५० ही दोन टोके एकच दिसतात, १० सेकंदांच्या नोंदीत स्पष्ट सुटतात.

चालू प्रवाहात दुसरी कसोटी लावतात. माध्यम तेच असता कंप्रता दुप्पट झाली की खऱ्या भोवऱ्याच्या संकेताचा परमप्रसर चौपट व्हायला हवा. त्या मानाने फारच दुबळा संकेत संशयास्पद समजावा. अंकीय मापक ही तुलना स्वतः करतात, पण त्यात भरलेली घनता चुकीची असेल तर खरा प्रवाहही गाळला जातो.

काही मापकांत दोन पायझो चकत्या (दाब पडला की वीज निर्माण करणाऱ्या) अशा जोडतात की नळाच्या थरकापाचे संकेत एकमेकांना रद्द करतात व भोवऱ्याचा उरतो. प्रवाहातील दाबाच्या स्पंदनांपुढे ही युक्ती चालत नाही, कारण तेथे भोवरेच बिघडतात. दट्ट्याच्या काँप्रेसरचे स्पंदन भोवऱ्याच्या कंप्रतेच्या सुमारे दुप्पट आले, तर भोवरे त्याच्या तालाला अडकतात आणि वेग बदलला तरी वाचन जागचे हलत नाही.

उपाय : दोन्ही बाजूंना नळाला आधार देणे हा पहिला उपाय. आधार पंपाच्याच चौकटीवर टेकवला, तर रोग वाढतो. संवेदनपातळी बोथट करणे किंवा छाटणी वाढवणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त गैरवापर होणारी वाट आहे. तिने बंद नळातील खोटा आकडा जातो, पण कमी प्रवाहात खऱ्या भोवऱ्यांचे ठोके गळू लागतात आणि मापक कमी दाखवतो. नळात डोकावणारे गॅस्केट व ओल्या वाफेतील पाण्याचे फटकेही कंपनासारखाच गोंगाट करतात. ते नसल्याची खात्री झाल्याशिवाय संवेदनपातळीला किंवा छाटणीला हात लावू नये.

कोरिओलिस मापकात, म्हणजे थरथरणाऱ्या नळ्यांवरून प्रवाहाचे वस्तुमान मोजणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मापकात, कंपनाचा उपद्रव वेगळा असतो : नळ्या मुद्दाम त्यांच्या नैसर्गिक कंप्रतेवर हलवलेल्या असतात. म्हणून त्या कंप्रतेजवळचे बाह्य कंपनच तेवढे बाधते. शेजारी-शेजारी एकाच चौकटीवर बसवलेले एकाच मापाचे दोन मापक परस्परांना असे बाधू शकतात. एक बंद केल्यावर दुसऱ्याचे शून्य स्थिरावले, तर निदान झाले.