पार्श्वभूमी : सोलापूर, आईचं काम आणि बाळाची दिवसाची झोप

बाळ दिवसा नीट झोपत नाही, यावर सोलापुरात घरोघरी उपाय तयार असतात. झोळी, तेल लावून अंघोळ, धुरी, सहाणेवर उगाळलेलं जायफळ. पण बाळाने कधी आणि किती वेळ झोपावं, हे कामगार वस्त्यांत बऱ्याचदा आईच्या कामानेच ठरवलं.

१८७७ मध्ये इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली, तीच पुढे 'जुनी मिल' म्हणून ओळखली गेली. नंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या. भोंगा झाला की तान्हं बाळ मागे ठेवून निघावं लागे. या पेचातून काय घडत होतं, याची नोंद मुंबईच्या गिरणी वस्त्यांतून मिळते. तिथे कामावर जाण्याआधी बाळाला अफूची 'बाळागोळी' देत. १९२० च्या दशकात डॉ. बार्न्स यांनी गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा हे सर्रास चालल्याचं दिसलं. गोळीने बाळ तासन्‌तास पडून राही, पण भूक मरे आणि अंग धरत नसे. त्या आयांना बोल लावणं मला पटत नाही. बाळ ठेवायला दुसरी जागाच नव्हती. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५० पेक्षा जास्त स्त्रिया असलेल्या कारखान्याला पाळणाघर सक्तीचं केलं. १९७६ मध्ये ही अट ३० वर आली.

पण सोलापुरातली विडी कामगार बाई घरी बसून विड्या वळते. १९६६ च्या विडी कामगार कायद्यातलं पाळणाघर कारखान्याच्या जागेपुरतं होतं, आणि मजुरी हजार विड्यांमागे. म्हणून मांडीवर सूप, दोन्ही हात पानात नि तंबाखूत, आणि झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला. हात न थांबवता पाय हलतो, बाळ झुलत राहतं. पाय थांबला की ते जागं होतं, कारण झोप लागताना जो झोका होता तो आता नसतो. शहराच्या पूर्व भागात घराला लागून यंत्रमाग असले तर त्या खडखडाटातही बाळं झोपतात. मात्र तो आवाज ९० डेसिबलच्या आसपास जातो. कोवळ्या कानांना तो सोसणारा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसाची झोप धरून १२ ते १६ तास झोप लागते. सहाव्या महिन्याच्या सुमारास दिवसा साधारण दोन-तीन डुलक्या होतात. झोळीत हनुवटी छातीला टेकून लहान बाळाचा श्वास अडकू शकतो. त्यामुळे डोळा लागला की त्याला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणं ठेवावं, आणि तंबाखूचं सूप दुसऱ्या खोलीत किंवा ओसरीवर न्यावं. जायफळ नि धुरी दोन्ही टाळावं. उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी बाळ घामाने जागं होतं, म्हणून अंघोळीनंतरची सकाळची झोप खोली गार असतानाच पुरी होऊ द्यावी.