इंग्रजी-स्पॅनिश कागदपत्रांत नावांचं काय करायचं

भाषांतराला कागद देताना बरेच जण विचारतात की नावाचं पण भाषांतर करणार का. नाही. पासपोर्टवर जॉन असेल तर स्पेनच्या कागदावर त्याचा हुआन होत नाही, आणि मेक्सिकोच्या जन्मदाखल्यातला होसे अमेरिकेसाठी जोसेफ होत नाही.

लोकांचा गैरसमज होतो तो बातम्यांमुळे, कारण ब्रिटनचा राजा चार्ल्स स्पॅनिश पेपरात कार्लोस तिसरा असतो, एलिझाबेथ राणी तिथे इसाबेल होती. राजेरजवाडे, पोप, संत यांच्यासाठी ही जुनी रीत आहे, बाकीच्यांना ती लागू नाही. आणि बदलायचं म्हटलं तरी जेम्सचं काय करणार, सांतियागो, हाइमे की हाकोबो?

खरी गडबड आडनावांत होते, इथे प्लीज नीट लक्ष द्या. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, बहुतेक आधी वडिलांचं मग आईचं (२०१७ पासून क्रम आईवडील ठरवतात), आणि लग्न झालं म्हणून बाईचं आडनाव बदलत नाही. दोन आडनावांची रीत लॅटिन अमेरिकेतही आहे, कोलंबियाचे लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस घ्या, गार्सिया वडिलांकडून, मार्केस आईकडून, पण इंग्रजी वाचणारे शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असं धरतात आणि त्यांना नुसतं मार्केस करून टाकतात. म्हणूनच अमेरिकेत कितीतरी स्पॅनिशभाषक दोन आडनावांमध्ये जोडरेघ टाकतात, निदान एक तरी गळत नाही.

आपल्या लोकांचं बरोबर उलटं होतं. सचिन रमेश तेंडुलकर हे नाव स्पॅनिश क्लार्क वाचणार कसं, तर रमेश पहिलं आडनाव, तेंडुलकर दुसरं, म्हणजे रेकॉर्ड लागणार रमेशच्या नावाखाली! त्यामुळे फॉर्मवर 'प्रिमेर आपेयिदो' म्हणजे पहिलं आडनाव, तिथे पासपोर्टवर सरनेम म्हणून जे छापलंय फक्त तेच लिहा, 'सेगुंदो आपेयिदो' रिकामं सोडा, आणि वडिलांचं नाव पासपोर्टवर स्वतःच्या नावासोबत असेल तर 'नोंब्रे' म्हणजे नावाच्या रकान्यातच ठेवा.

अजून एक, नुन्येससारख्या नावात एन अक्षरावर लाट असते, पासपोर्टच्या खालच्या मशीनने वाचायच्या ओळींत ती येत नाही, तिथे साधा एन किंवा एनएक्सएक्स छापतात. ती चूक नाही, घाबरू नका. भाषांतरात आम्ही लाट आणि अक्षरांवरच्या खुणा मूळ कागदाप्रमाणेच ठेवतो.

कागदांसोबत पासपोर्टच्या फोटोच्या पानाची कॉपी द्याच, आणि आधीचा व्हिसा असेल तर तोही, म्हणजे काम सुरू करायच्या आधीच स्पेलिंग आणि क्रम तुमच्यासमोर ताडून घेता येतो.