कृष्णाकाठचा ऊस आणि मातीत अडकलेला स्फुरद

कराड ते मिरज पट्ट्यातल्या काळ्या रानात स्फुरद (फॉस्फरस) कमी पडतो असं नाही, तो अडकतो. जमीन चुनखडीची, सामू (पीएच) बहुधा आठच्या पुढे. खतातला स्फुरद चुन्याशी बांधला जातो आणि पहिल्या पिकाच्या वाट्याला जेमतेम 15 ते 20 टक्के येतो. पाटण-महाबळेश्वरच्या तांबड्या जमिनीत हेच काम लोह आणि ॲल्युमिनियम करतात.

सुपर फॉस्फेटचं पेटंट इंग्लंडात जॉन बेनेट लॉज यांनी 1842 साली घेतलं. भारतातला पहिला कारखाना 1906 मध्ये तमिळनाडूतल्या राणीपेटला निघाला. पुढे डीएपीनं (डायअमोनियम फॉस्फेट) सुपरला मागं टाकलं, ते निव्वळ पोत्याच्या हिशोबानं. सुपरच्या 50 किलोच्या पोत्यात स्फुरद 8 किलो, डीएपीच्या पोत्यात 23 किलो आणि वर 9 किलो नत्र (नायट्रोजन). हमाली-वाहतूक वाचली, पण सुपरमधून फुकटात मिळणारं 11 टक्के गंधक गेलं.

1992 मध्ये केंद्रानं स्फुरद-पालाशच्या (पालाश म्हणजे पोटॅश) खतांवरचं किंमत-नियंत्रण काढलं, युरियावरचं ठेवलं. देशातलं नत्र-स्फुरद-पालाशचं प्रमाण वर्षभरात 5.9:2.4:1 वरून 9.5:3.2:1 वर गेलं. 2010 ला अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आलं, तेव्हाही युरिया बाहेरच राहिला. आज डोस ठरतो तो बहुतेकदा सवयीनं आणि दुकानात काय शिल्लक आहे त्यावर.

आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या) उसाची शिफारस हेक्टरी 400:170:170 किलो नत्र-स्फुरद-पालाश. स्फुरद एकरी 68 किलो, म्हणजे डीएपीची तीन पोती. निम्मी लागणीला, निम्मी मोठ्या बांधणीला (उसाला माती चढवताना). त्याहून जास्त टाकलेल्या पोत्यानं जस्त आणि लोह पिकाला मिळेनासं होतं, पानांवर केवडा (पिवळेपणा) दिसतो. मग झिंक सल्फेट आणून डीएपीतच मिसळलं जातं. दोन्हींचा न विरघळणारा साका होतो, पैसे दोनदा जातात.

माती परीक्षणात हमखास गफलत होते. मातीतला उपलब्ध स्फुरद मोजायच्या ओल्सेन पद्धतीत हेक्टरी 10 किलोच्या आत कमी आणि 25 च्या वर जास्त धरतात, पण तो मूळ स्फुरद (P). पोत्यावरचा आकडा त्याच्या ऑक्साइडचा (P2O5) असतो. अहवालात मूळ स्फुरद असेल तर 2.29 नं गुणून मगच पोत्याशी ताडावं. आकडा जास्त निघाला तर डोस कापायला भ्यायचं कारण नाही, आधीची शिल्लक रानातच असते.

नत्रासारखा स्फुरद पाण्याबरोबर खाली फारसा झिरपत नाही. तो मातीच्या कणाला चिकटून पहिल्या वळवाच्या गढूळ पाण्यातून ओढ्याला आणि तिथून नदीला जातो. जलपर्णी त्यावर पोसते. शहरांच्या सांडपाण्याचा वाटा आहेच, पण वर फेकलेलं खतही त्यात असतं. म्हणून ते सरीत टाकून मातीआड करायचं.

खोडव्याला (तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाला) खत पहारीनं भोक पाडून दिलेलं बरं. वापशावर (जमिनीत बेताची ओल असताना), बुडख्यापासून 10 ते 15 सेंमीवर 15 ते 20 सेंमी खोल भोक, दोन भोकांत 30 सेंमी अंतर. निम्मा डोस तोडणीनंतर 15 दिवसांत, उरलेला 135 दिवसांनी दुसऱ्या अंगाला. भोक पायानं दाबून बुजवायचं. उघडं राहिलं तर पुढच्या पाळीच्या पाण्यात खत वर येतं.