ऑनलाइन लफड्यांची शब्दसंपत्ती

चॅटवर लाइन मारणं, इनबॉक्सात गुंतणं आणि घरचं माणूस शेजारी घोरत असताना फोनच्या उजेडात तिसऱ्याच कुणाशी गुलुगुलु बोलणं, या सगळ्याला लोकांनी आपापल्या सोयीने पाडलेले शब्द. सोयीने हे महत्त्वाचं, कारण एकाच गोष्टीला करणारा म्हणतो 'नुसतं चॅट', त्याचे मित्र म्हणतात 'सेटिंग' आणि बायकोला कळलं की त्याचंच 'लफडं' होतं.

मराठीतला यातला सगळ्यात गाजलेला शब्द म्हणजे 'जे१'. तो एक इंग्रजीत वाचायचा, जे आणि वन, झालं जेवण. ण चा न झालाय, पण चॅटवर ण ला विचारतो कोण. 'जे१ झालं का?' हा प्रश्न आता मीम होऊन बसलाय, म्हणजे ज्या पोराला दुसरं काही सुचत नाही त्याची खूण. साधारण असं चालतं: रात्री दहाला 'जे१ झालं का', तिकडून 'हो, तुझं?', मग 'झालं, काय होतं आज?', 'पिठलं', 'अरे वा', आणि त्यावर तिचं 'हम्म'. हम्म आला की गाडी पुढे जात नाही हे सगळ्यांना माहितीये तरी दुसऱ्या दिवशी दहाला परत जे१. पण शब्द म्हणून मला हा भारी वाटतो, कारण जेवलास का हे आपल्याकडे आजी पण विचारते, शेजारच्या काकू पण विचारतात, त्यामुळे कुणी पकडलं तरी पुरावा शून्य, जेवणाचंच तर विचारलं ना. फ्लर्टिंगचा शब्द असाच लागतो, मागे फिरायला वाट ठेवलेला.

आकड्यांत बोलायची युक्ती आपली एकट्याची नाही. जपानमध्ये नव्वदच्या दशकात पोरंपोरी पेजरवर १४१०६ पाठवायची, त्या अंकांचे उच्चार जोडले की 'आइशितेरू' म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे असं होतं. चिनी भाषेत ५२० चा उच्चार तशाच वाक्याच्या जवळ जातो म्हणून तिकडे २० मे हा प्रेमाचा दिवसच होऊन बसला. आपल्या कॉलेजच्या बाकांवर कोरलेला १४३ त्यामानाने सरळसोट, आय लव्ह यू ची अक्षरं मोजली की झालं. फ्रान्सवाले तर इंटरनेटच्या आधीच या धंद्यात होते. १९८२ पासून तिकडे टेलिफोनच्या तारेवर चालणारं मिनिटेल नावाचं छोटं यंत्र घरोघर गेलं, ठेवलेलं होतं नंबर शोधायला आणि तिकिटं काढायला, पण त्यावर चावट गप्पांच्या सेवा निघाल्या आणि त्यांना नाव पडलं 'मिनिटेल रोज', म्हणजे गुलाबी मिनिटेल. ते यंत्र २०१२ ला बंद झालं.

आपल्याकडे याहू मेसेंजरच्या काळात नमस्कार चमत्काराच्या आधी 'एएसएल?' यायचं, म्हणजे वय, लिंग, गाव सांगा आणि मग बघू. नंतर ऑर्कुट, फेसबुकसारखीच एक साइट, २००४ ते ३० सप्टेंबर २०१४. तिथला 'स्क्रॅप', म्हणजे दुसऱ्याच्या पानावर टाकलेला निरोप, सगळ्यांना दिसायचा आणि तरी लोक तिथेच 'फ्रान्डशिप' मागायचे, हा शब्द तसाच लिहायचा, सुधारला तर मजा जाते. बाईच्या नावाने फेक आयडी काढून बाप्यांना गंडवणाऱ्यांसाठी 'एंजल प्रिया' हे नाव देशभर चाललं. इंग्रजीत त्याला 'कॅटफिश' म्हणतात, तो शब्द २०१० च्या त्याच नावाच्या माहितीपटावरून आला आणि २०१४ ला मेरियम-वेबस्टर डिक्शनरीत गेला.

त्यानंतर इंग्रजीत अशा शब्दांचं पेवच फुटलं. न सांगता गायब होणं म्हणजे 'घोस्टिंग', हा कॉलिन्स डिक्शनरीच्या २०१५ च्या निवडक शब्दांत होता. गायब होऊनही तुमची प्रत्येक स्टोरी न चुकता बघत राहणं म्हणजे 'ऑर्बिटिंग', हा २०१८ चा. राखीव खेळाडूसारखं बसवून ठेवणं 'बेंचिंग' आणि अधूनमधून एखादा मेसेज टाकून आशा जिवंत ठेवणं 'ब्रेडक्रंबिंग', या दोघांतला फरक सांगण्यावर बऱ्याच लेख लिहिणाऱ्यांची पोटं भरली. मराठीत आधीचंच सामान पुरतं. घोस्टिंगला 'कल्टी मारणं' आहे, बेंचिंग-ब्रेडक्रंबिंगला मिळून एकच 'झुलवत ठेवणं' आहे, आणि डीएममध्ये पहिला मेसेज टाकण्याला 'खडा टाकून बघणं'. ऑर्बिटिंगला मात्र आपल्याकडे काही नाही, गल्लीत घिरट्या घालणं जवळ जातं पण त्यात सायकल लागते.

खरी अडचण लग्न झालेल्यांची. त्यांच्यासाठी जुना शब्द 'व्यभिचार' किंवा कायद्याच्या मराठीतलं 'जारकर्म', दोन्ही इतके जड की चॅटला लावायला जीभ रेटत नाही. कायद्यातही बसत नाहीत. व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं कलम ४९७ सुप्रीम कोर्टाने २७ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं, म्हणजे तो आता गुन्हाच नाही, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण म्हणून जो व्यभिचार आहे त्याला प्रत्यक्ष शरीरसंबंध लागतो, नुसत्या बदामांनी भागत नाही. म्हणून चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन कोर्टात जाणारे बरेचदा मानसिक क्रूरतेचा रस्ता धरतात. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या एका जोडप्याचं प्रकरण गाजलं, सेकंड लाइफ नावाच्या आभासी जगात नवऱ्याचं पात्र दुसऱ्या बाईच्या पात्राशी लगट करताना बायकोने पकडलं आणि प्रकरण घटस्फोटापर्यंत गेलं. स्पर्श कुणीच कुणाला केला नव्हता. आपल्या जुन्या लोकांनी पापाचे कायिक, वाचिक, मानसिक असे कप्पे केले होते, त्यात हे बरोबर बसतं, पण 'माझं वाचिक चालू आहे' असं कोण म्हणणार. त्यापेक्षा 'मायक्रो-चीटिंग', म्हणजे बारीकशी फसवणूक, हे बरं, ऐकायला ते पार्किंगच्या दंडाएवढंच वाटतं.

एक वेगळीच शब्दनिर्मिती फोनच्या कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये चालते. 'शिंदे प्लंबर', 'मंजू पार्लर', 'गॅस एजन्सी नवीन'. पावणेबाराला शिंदे प्लंबरचा 'झोपलास?' असा मेसेज स्क्रीनवर चमकतो तेव्हा त्या नावाचा उपयोग संपतो.

पलीकडे माणूसच नाही असाही प्रकार आता आहे. रेप्लिका नावाच्या ॲपने फेब्रुवारी २०२३ मध्ये बॉटचं शृंगारिक बोलणं अचानक बंद केलं तेव्हा कितीतरी लोक खरोखर हळहळले. याला लफडं म्हणायचं तर तिसरं माणूस कुठंय? बायकांनी मात्र हा प्रश्न कधीच सोडवून टाकलाय. नवरा जेवताना ताटाशेजारी फोन उभा करून बसला की त्या फोनलाच 'ही बघा माझी सवत' म्हणतात, त्यात तो नुसती क्रिकेटची मॅच बघत असला तरी.