खुब्याचा सांधा बदलल्यानंतर भटकंतीचा हंगाम गाठायचा असेल तर : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डोंगर-जंगलात फिरण्याचा हंगाम जवळ आला की आमच्या फिजिओथेरपी केंद्रात एकाच प्रकारचे फोन येऊ लागतात. खुब्याचा सांधा बदलून चार-पाच महिने झालेले असतात, दुखणे पूर्णपणे थांबलेले असते, सोबत्यांची तारीख ठरलेली असते आणि विचारणा एवढीच असते की, "आता जायला हरकत नाही ना?" या प्रश्नाला आम्ही फोनवर होकार देत नाही आणि नकारही देत नाही, प्रत्यक्ष येऊन चालून दाखवावे, अशी विनंती करतो. काही ग्राहकांना ही टाळाटाळ वाटते, तर काहींना एक जादा भेट पदरात पाडून घेण्याची युक्ती वाटते. तसे का नाही, हे सविस्तर सांगावे आणि हंगामाच्या तोंडावर होणारी धावपळही टळावी, म्हणून हे पत्रक काढले आहे.

वेळ वाया घालवणारी चूक बहुतेकांच्या बाबतीत एकच असते. दुखणे थांबले म्हणजे पाय तयार झाला, असे समजून साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास व्यायाम सोडून दिले जातात. ही समजूत स्वाभाविक आहे, कारण ज्या दुखण्याने वर्षानुवर्षे झोप उडवली होती ते शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत नाहीसे होते. मात्र शस्त्रक्रियेत झिजलेला सांधा बदलला जातो, स्नायू बदलले जात नाहीत. दुखणाऱ्या खुब्यावर भार टाकणे आपण शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधीपासून टाळत आलेले असता आणि त्या काळात खुब्याच्या बाजूचे स्नायू वाळून अशक्त झालेले असतात. नवा सांधा पहिल्या दिवसापासून नवाच असतो. त्याला सांभाळणारा स्नायू मात्र जुना आणि थकलेला असतो. त्याची ताकद परत यायला काही महिने लागतात, अनेकांच्या बाबतीत वर्षभरही लागते, आणि ती नुसत्या चालण्याने पुरेशी येत नाही.

हे ग्राहकांना पटवून देण्यासाठी आमच्याकडे एक उंच आरसा आहे. आरशासमोर उभे राहून चांगला पाय उचलायचा आणि शस्त्रक्रिया झालेल्या पायावर तीस सेकंद तोल सांभाळायचा, एवढीच ती परीक्षा. पहिली काही सेकंदे सगळे ठीक दिसते. मग कमरेचा पट्टा हळूहळू तिरका होऊ लागतो, उचललेल्या पायाच्या बाजूला कंबर खाली झुकते आणि तोल राखण्यासाठी खांदे दुसऱ्या बाजूला कलतात. दुखत काहीच नसते, म्हणून इतका वेळ "मी अगदी ठणठणीत आहे" असे सांगणारी व्यक्ती आरशातील तो तिरका पट्टा पाहून गप्प होते. सपाट रस्त्यावर हीच गोष्ट किंचित लंगडण्याच्या रूपाने दिसते आणि घरच्यांना त्याची इतकी सवय झालेली असते की कोणी ती बोलूनही दाखवत नाही.

सपाट रस्त्यावर हे निभावून जाते, पण डोंगरवाटेवर निभावत नाही. साध्या चालीतही प्रत्येक पावलाला खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, कारण एका पायावर शरीर तोलताना बाजूचे स्नायू सांध्याला जोराने ओढून धरतात. संवेदक बसवलेल्या कृत्रिम सांध्यांवर प्रत्यक्ष मोजमाप झाले, तेव्हा अनपेक्षितपणे अडखळण्याच्या क्षणी हा भार वजनाच्या सात पटींच्याही वर गेल्याची नोंद आहे. मुरमाड उतार, ओली मुळे, दगडांमधले अंतर, या सगळ्या अडखळण्याच्याच जागा आहेत आणि थकलेला स्नायू नेमका उतरताना, दिवस संपत आलेला असताना दगा देतो. पडल्यामुळे सांधा निखळला किंवा मांडीच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम दांड्याभोवतीचे हाड मोडले, तर पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. तीस सेकंदांच्या परीक्षेवर आम्ही अडून बसतो ते यासाठी.

म्हणून दिवस मोजायचे ते हंगामापासून मागे. खडबडीत वाटेवर जायला सर्जन साधारणपणे तीन ते सहा महिन्यांनंतर परवानगी देतात. आमचा आग्रह असा की शस्त्रक्रिया आणि पहिली मोठी चढाई यांच्यात सहा महिने ठेवावेत. शस्त्रक्रियेची तारीख निवडणे आपल्या हातात असेल तर सर्जनशी बोलताना हंगामाचा उल्लेख जरूर करावा. तेवढे अंतर ठेवणे शक्य नसेल तर हंगामाचा पहिला भाग सोडून द्यावा आणि शेवटच्या भागात, छोट्या वाटेने सुरुवात करावी.

पहिल्या सहा आठवड्यांबद्दल येथे फार लिहीत नाही, कारण त्या काळात सर्जनचा शब्द अखेरचा असतो. केवळ एक गोष्ट आवर्जून सांगतो, ती म्हणजे डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे आणि पहिल्या भेटीला सोबत आणावे. सांधा मागच्या बाजूने उघडला, बाजूने की पुढून, यावर कोणती हालचाल टाळायची आणि कोणता व्यायाम कधी सुरू करायचा हे ठरते. बाजूने शस्त्रक्रिया झाली असेल तर तेथील स्नायू सोडवून पुन्हा शिवलेला असू शकतो आणि तो जुळून येईपर्यंत पाय जोर लावून बाजूला उचलणे योग्य नसते. मागून झाली असेल तर बहुतेक सर्जन खुबा नव्वद अंशांहून अधिक वाकवणे, पायावर पाय टाकणे आणि पाऊल आत वळवणे काही आठवडे टाळायला सांगतात. शेजाऱ्यांना दिलेला व्यायामाचा कागद आपल्याला का चालत नाही, याचे उत्तर यातच आहे.

काठीविषयीही थोडे सांगणे गरजेचे आहे, कारण ती बहुतेकांना लाजिरवाणी वाटते आणि लवकरात लवकर कोपऱ्यात ठेवली जाते. काठी शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या हातात नव्हे, तर विरुद्ध हातात धरावी, म्हणजे खुब्याच्या अशक्त स्नायूवरचा ताण खऱ्या अर्थाने कमी होतो. लंगडत, काठीविना चालण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चालणे केव्हाही श्रेयस्कर, कारण लंगडण्याची सवय एकदा जडली की ती मोडण्यातच आमचे आणि आपले कित्येक आठवडे जातात. हातात पिशवी न्यायची असेल तर मात्र ती शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्याच हातात घ्यावी. हे ऐकायला उलटे वाटते, पण विरुद्ध हातातील ओझे खुब्याच्या स्नायूला अधिक राबवते. डोंगरावर एका काठीऐवजी दोन काठ्या घ्याव्यात आणि पहिल्या हंगामात पाठीवरची सॅक शक्य तितकी हलकी ठेवावी.

सहाव्या आठवड्यानंतर आम्ही जो व्यायामक्रम देतो तो दिसायला अगदी साधा असतो : कुशीवर झोपून पाय बाजूला उचलणे, खुर्चीच्या हातांचा आधार न घेता उठणे, ठरावीक उंचीच्या पायरीवर सावकाश चढणे आणि त्याहूनही सावकाश उतरणे. यांपैकी पायरी उतरण्याचा व्यायाम सर्वांत जास्त टाळला जातो आणि डोंगरावर सर्वांत जास्त कामी येतो. सुरुवातीच्या दिवसांत जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, हा नियम सर्वांना शिकवलेला असतो. पुढे स्नायूची तयारी पाहून तो केव्हा सोडायचा, हेही आम्ही सांगतो. तो नियम वर्षभर पाळत राहिल्यास शस्त्रक्रिया झालेला पाय कधीच राबत नाही.

पक्षी-प्राण्यांची छायाचित्रे टिपण्यासाठी आडोशाला तासन्तास दबा धरून बसणाऱ्या ग्राहकांना वेगळी सूचना आहे. जमिनीवर उकिडवे बसणे किंवा खूप बुटक्या स्टुलावर बसणे यात खुबा नव्वद अंशांपलीकडे वाकतो आणि अशा बैठकीतून घाईने, अंग पिळवटत उठणे हा अधिक धोक्याचा क्षण असतो. सर्जनने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय असे बसू नये. गुडघ्यांपेक्षा किंचित उंच असे घडीचे आसन सोबत न्यावे आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले टाकावीत.

आमच्या भेटींच्या आखणीबद्दलही मोकळेपणाने सांगतो. आम्ही रोज बोलावत नाही. व्यायाम घरी करायचे असतात आणि दोन-तीन आठवड्यांतून एकदा आम्ही चाल, ताकद आणि तोल मोजून व्यायाम पुढे नेतो. दुखत नसताना यायचे कशाला, असे वाटून हीच भेट रद्द केली जाते, पण आमच्या दृष्टीने न दुखणाऱ्या पायाचीच भेट सर्वांत मोलाची असते. ज्यांची चाल पहिल्याच तपासणीत सरळ आणि ताकद पुरेशी आढळते, त्यांना आम्ही पुढच्या भेटी घ्यायला लावत नाही. हंगामाच्या आधीच्या आठवड्यात घेतलेल्या भेटीत मात्र आम्हाला केवळ सांगता येते, शिकवता येत नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर सहाव्या ते आठव्या आठवड्यातच पहिली वेळ राखून ठेवावी.

पोटरी अचानक सुजून दुखू लागली, दम लागला किंवा छातीत दुखू लागले, जखमेतून स्राव किंवा ताप आला, पाय एकाएकी आखूड वाटून त्यावर भार टाकता येईनासा झाला, तर आमच्या वेळेची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. याउलट, पाय थोडा लांब झाल्यासारखे वाटणे पहिल्या काही महिन्यांत अनेकांना जाणवते आणि स्नायू मोकळे होतील तसे ते बहुधा कमी होते. घाईने बुटात टाच बसवून घेऊ नये, आधी आम्हाला किंवा सर्जनना दाखवावे.

पहिल्या भेटीला येताना डिस्चार्ज कार्डाबरोबर डोंगरावर वापरायचे बूट आणि नेहमीची सॅक, त्यात नेहमी असते तेवढे सामान भरून, आणावी. जुने बूटही टाकून देऊ नयेत, तेही आणावेत. दोन्ही तळवे कोठे आणि किती झिजले आहेत हे पाहून आपण गेली काही वर्षे कोणत्या पायाला वाचवत चालत होता, ते आम्हाला समजते आणि व्यायामाची सुरुवात तेथूनच करता येते.